वाचकांचे प्रश्न : हृदयाची वीज आणि ठोक्यांची औषधे

मागील अंकात या सदरात नाडीच्या अनियमिततेविषयी थोडक्यात लिहिले होते. त्यानंतर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रे एकाच शंकेभोवती फिरत आहेत : ठोके सुधारण्यासाठी दिलेले औषध ठोके बिघडवू शकते, असे का सांगितले जाते? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट समजले नाही तर रुग्ण एक तर औषधाला घाबरून ते सोडून देतो, किंवा दुसऱ्याची गोळी आपल्याला चालेल असे समजून घेऊन बसतो. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : ईसीजी काढताना हातापायांना चिमटे आणि छातीवर रबरी फुगे लावतात. यंत्रातली वीज शरीरात जाते का? माझ्या सासूबाईंचा ईसीजी एका महिन्यात तीनदा काढावा लागला. त्याने काही अपाय होईल का? (एक गृहिणी, मंगळवार पेठ)

उत्तर : अपाय होणार नाही, कारण यंत्र शरीरात वीज सोडत नाही, ते फक्त हृदयातून येणारी वीज टिपते. तीनदा काय, तीसदा काढला तरी चालेल.

ही वीज हृदयात येते कोठून, हे थोडे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण पुढच्या सर्व उत्तरांचा पाया तोच आहे. हृदयाच्या स्नायूची प्रत्येक पेशी आपल्या पातळ आवरणाच्या आत आणि बाहेर क्षारांचे प्रमाण वेगवेगळे राखून ठेवते. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम आणि कॅल्शियम जास्त. त्यामुळे विश्रांतीच्या वेळी खालच्या कप्प्यांतील पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असतो. आवरणात अतिशय सूक्ष्म दारे असतात आणि प्रत्येक दार एकाच क्षाराला ओळखते. शेजारच्या पेशीकडून धक्का आला की सोडियमची दारे जेमतेम एक-दोन सहस्रांश सेकंदासाठी उघडतात, सोडियम आत धावतो आणि पेशी क्षणात ऋणाची धन होते. मागोमाग कॅल्शियम सावकाश आत येतो आणि तोच स्नायूला आकुंचनाचा हुकूम देतो. शेवटी पोटॅशियम बाहेर पडतो आणि पेशी पूर्वस्थितीला येते. या साऱ्याला साधारण पाव सेकंद लागतो आणि तो पूर्ण होत आला की मगच ती पेशी दुसरा धक्का स्वीकारू शकते. हा पाव सेकंद लक्षात ठेवावा.

पहिला धक्का कोण देतो, हा पुढचा प्रश्न. उजव्या वरच्या कप्प्यात, मोठी नीला जेथे हृदयाला मिळते तेथे, सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो १९०७ साली दाखवून दिला. या पेशी स्वस्थ बसत नाहीत. त्यांचा विद्युतदाब आपोआप हळूहळू चढतो आणि ठरावीक उंबरठ्यावर पोचला की लाट सुटते. ती दोन्ही वरच्या कप्प्यांतून पसरते आणि वरच्या व खालच्या कप्प्यांच्या सीमेवरच्या एव्ही नोडपाशी येऊन सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळते, म्हणजे वरचे कप्पे खालच्यांत रक्त रिते करेपर्यंत. मग खास तंतूंतून ती वेगाने खालच्या कप्प्यांत उतरते. ईसीजीच्या कागदावरची पहिली लहान टेकडी म्हणजे वरच्या कप्प्यांतली लाट, उंच टोक म्हणजे खालच्या कप्प्यांतली, आणि त्यानंतरची गोल टेकडी म्हणजे खालचे कप्पे पुन्हा सज्ज होत असल्याची खूण. नेदरलँड्समधील लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे टिपणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा रुग्णाला हात आणि पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्न : मला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) असल्याचे निदान झाले असून अमिओडॅरोनची गोळी चालू आहे. सोबतच्या माहितीपत्रकात "या औषधामुळे हृदयाच्या लयीत बिघाड होऊ शकतो" असे वाचले. मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. जे औषध आजार बरा करते तेच तो आजार निर्माण करते, हे मनाला पटत नाही. (निवृत्त शिक्षक, राजारामपुरी)

उत्तर : सर, आपल्या शंकेचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण ते एकदा पटले की पुढची सगळी पथ्ये आपोआप पटतात.

उसाच्या फडात पाचट पेटलेले आपल्याकडे सर्वांनी पाहिलेले असते. (पाचट जाळू नये, सरीत कुजवून जमिनीला परत द्यावे, याच मताचा मी आहे; येथे ते केवळ उदाहरण म्हणून घेतो.) एका बांधाला काडी लावली की जाळाची रेघ पुढे सरकत जाते आणि दुसऱ्या बांधाला पोचून विझते. ती मागे फिरत नाही, कारण मागे राख असते. हृदयातली विजेची लाटही अशीच पुढे जाते आणि पलीकडच्या काठाला विझते. फरक एवढाच, की हृदयात राखेच्या जागी पाव सेकंदात नवे पाचट येते आणि फड पुढच्या ठोक्यासाठी तयार होतो.

आता समजा, फडाच्या मधोमध एक विहीर आहे. हृदयात अशी विहीर म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यानंतर राहिलेला व्रण, किंवा ताणून सैल झालेल्या कप्प्यातला निबर पट्टा, ज्यातून लाट जाऊ शकत नाही. जाळ विहिरीच्या एकाच बाजूने निघाला, वाटेत मंदावला आणि वळसा घालून मूळ जागी येईपर्यंत तेथे नवे पाचट आलेले असले, तर तो विझणार नाही. विहिरीभोवती प्रदक्षिणा घालत राहील. काडी एकदाच लागली, पण जाळ संपत नाही. हृदयाच्या जलद ठोक्यांच्या बहुतेक आजारांचे मूळ अशा फिरत्या लाटेत असते. आपल्याला झालेल्या फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत अशा अनेक लाटा एकाच वेळी भटकत असतात आणि मिनिटाला ३५० ते ६०० वेळा तेथील स्नायू नुसता थरथरतो.

हा जाळ थांबवायचे दोन मार्ग आहेत. एक, पाचट ओले करावे, म्हणजे जाळाला जोर राहणार नाही. दुसरा, राखेवर नवे पाचट यायला उशीर लावावा, म्हणजे फिरून आलेल्या जाळाला पुढे राखच मिळेल. औषधे नेमके हेच करतात. सोडियमची दारे अडवणारी औषधे पाचट ओले करतात. पोटॅशियमची दारे अडवणारी औषधे नवे पाचट येण्यास उशीर लावतात.

पहिल्या प्रकारच्या औषधाचा शोध एका रुग्णामुळे लागला, आणि ही हकीकत मला फार मोलाची वाटते. १९१२ साली एक डच व्यापारी कारेल वेंकेबाख या हृदयतज्ज्ञांकडे गेला. आपली अनियमित नाडी आपण स्वतः ताळ्यावर आणू शकतो, असे तो म्हणाला. डॉक्टरांचा विश्वास बसेना, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी खरोखरच नियमित नाडी घेऊन आला. हिवतापावरचे क्विनाइन घेतल्यावर असे होते, हे त्याने स्वतःवरच ताडून पाहिले होते. पुढे क्विनाइनचेच भावंड असलेले क्विनिडिन १९१८ पासून या कामी वापरात आले. वेंकेबाखांनी रुग्णाचे बोलणे हसण्यावारी नेले असते, तर हा धागा कदाचित फार उशिरा हाती लागला असता.

मग हीच औषधे लय बिघडवतात कशी? पाचट पुरते ओले झाले तर जाळ विझतो. पण कोठे ओले, कोठे सुके राहिले तर जाळ विझत नाही, फक्त मंदावतो. मंदावलेला जाळ वळसा घालून येईपर्यंत मागे नवे पाचट आलेले असते, आणि पूर्वी जेथे प्रदक्षिणा नव्हती तेथे ती सुरू होते. दुसऱ्या प्रकारात, सज्ज होण्याचा काळ फार लांबला तर लांबलेल्या वेळेत कॅल्शियमची दारे पुन्हा उघडून नवी ठिणगी पडू शकते, आणि काही भाग सज्ज तर काही राख अशा विस्कळीत फडात ती ठिणगी वाट्टेल तशी फिरते. ईसीजीवर तेव्हा टोके दोरीला पीळ घातल्यासारखी दिसतात. १९६६ मध्ये देसर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी या लयीचे वर्णन केले. रुग्ण त्यात बेशुद्ध पडतो, आणि ती लय आपोआप थांबली नाही तर जिवावर बेतते.

म्हणजे औषधात चांगली शक्ती एक आणि वाईट शक्ती दुसरी, असे नाही. शक्ती एकच आहे. तिचे फळ काय मिळणार हे फड कोणाचा, त्यात विहिरी किती आणि पाणी किती घातले, यावर ठरते.

ऑक्सफर्डच्या माइल्स वॉन विल्यम्स यांनी १९७० साली मांडलेल्या वर्गीकरणात सोडियमवाली औषधे पहिल्या आणि पोटॅशियमवाली तिसऱ्या वर्गात येतात. दुसरा वर्ग मेटोप्रोलोलसारख्या बीटा ब्लॉकरांचा. ती अॅड्रेनालिनची चाबकाची फटकार हृदयापर्यंत पोचू देत नाहीत. चौथा वर्ग व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम यांचा. ती कॅल्शियमची दारे अडवतात. एव्ही नोडच्या पेशी मुख्यतः कॅल्शियमवर चालतात, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातली औषधे या नाक्यावरची तपासणी कडक करतात. वर कितीही थरथर असली तरी खाली मोजकेच ठोके उतरतात. त्यामुळे फिब्रिलेशनच्या अनेक रुग्णांत लय मुळीच न बदलता केवळ वेग आवरला जातो, आणि तेही पुरेसे ठरते. आपले अमिओडॅरोन तिसऱ्या वर्गात धरले जात असले तरी प्रत्यक्षात चारही वर्गांचे थोडेथोडे गुण त्यात आहेत. कदाचित म्हणूनच, ते ईसीजीवरचा क्यूटी हा काळ (उंच टोकाच्या आरंभापासून गोल टेकडी संपेपर्यंतचा) लांबवत असूनही, पीळ पडलेली लय त्याने क्वचितच उद्भवते. माहितीपत्रकातले वाक्य खरे आहे, पण आपल्या बाबतीत ते भीतीचे कारण नसून नियमित ईसीजीचे कारण आहे.

प्रश्न : मला गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. अधूनमधून ठोका चुकतो आणि नंतर जोराचा धक्का बसतो. डॉक्टरांनी फक्त मेटोप्रोलोल दिले आहे आणि "चुकणारे ठोके बंद करण्याचे औषध तुम्हांला देणार नाही" असे म्हणतात. माझ्या थोरल्या भावाला तसले औषध चालू आहे आणि तो अगदी ठणठणीत आहे. मला का नको? (शेतकरी, कागल तालुका)

उत्तर : तुमचे डॉक्टर योग्य तेच करीत आहेत, आणि यामागे वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन घेतलेला धडा आहे.

तुम्हांला जो ठोका चुकल्यासारखा वाटतो तो खरे तर लवकर आलेला ठोका असतो. खालच्या कप्प्यातली एखादी जागा आपल्या पाळीआधीच ठिणगी टाकते. तेव्हा हृदय पुरते भरलेले नसल्याने तो ठोका जाणवत नाही. त्यानंतरच्या लांब विश्रांतीत हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका धक्क्यासारखा लागतो.

झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांना असे ठोके वारंवार येतात, त्यांच्यात अचानक मृत्यूचे प्रमाण जास्त असते, हे पूर्वीपासून माहीत होते. म्हणून ते ठोके औषधाने बंद केले तर मृत्यू टळतील, असे सर्वांनाच वाटत होते. त्या काळी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते. हे तपासण्यासाठी अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. तिच्यात पहिल्या वर्गातली फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधे होती, आणि ज्यांचे जादा ठोके औषधाने खरोखरच कमी होतात असे आधी पडताळून पाहिले होते, अशाच रुग्णांना पुढे घेतले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी. १९८९ साली या औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते. निरुपयोगी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजीचा कागद सुधारला होता आणि माणसे जास्त मरत होती.

वरच्या उत्तरातील विहीर येथे आठवावी. झटक्यानंतर हृदयात व्रण राहतो. त्याच्या कडेचे पाचट आधीच अर्धवट ओले असते. त्यावर सोडियमची दारे अडवणारे औषध पडले की जाळ आणखी मंदावतो आणि प्रदक्षिणेला वाट मिळते. तुमच्या भावाच्या हृदयात असा व्रण नसेल, म्हणून तेच औषध त्याला मानवत असेल. एका आईच्या पोटची दोन मुले असली तरी फड दोन आहेत. त्याच्या पाकिटातली एकही गोळी घेऊन पाहू नका.

मेटोप्रोलोल मात्र चुकवू नका. जादा ठोके त्याने पूर्ण बंद होणार नाहीत, पण ते हृदयाला अॅड्रेनालिनपासून राखते. गोळ्या संपल्या आणि बाजारला जाणे झाले नाही म्हणून ते एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे; दडपलेला जोर उसळून वर येतो. हृदयाचे आकुंचन किती टक्के आहे हे इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पाहून घ्या. ते बरेच कमी असेल तर अचानक मृत्यू टाळण्यासाठी छातीत बसवायचे, विजेचा झटका देऊन लय सुधारणारे यंत्र लागेल का, हे विचारावे.

प्रश्न : माझा मुलगा तालमीत राहून कुस्तीचा सराव करतो. शिबिरात तपासले तेव्हा नाडी ४६ निघाली. पेसमेकर लागेल का? (पालक, गंगावेश)

उत्तर : चक्कर, बेशुद्धी किंवा मेहनत करताना दम लागणे यांपैकी काही नसेल तर बहुधा लागणार नाही. रोज पहाटे जोर-बैठका आणि लढतींचा सराव करणाऱ्या तरुणाचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकते, आणि विश्रांतीत व्हेगस मज्जातंतू सायनस नोडला आवरून धरतो. सराव सुरू होताच नाडी भरभर चढत असेल तर ती निरोगी खूण आहे. तथापि घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर एकदा ईसीजी आणि इको करून घेतल्याशिवाय मैदानात उतरवू नये.

प्रश्न : आईला फिब्रिलेशनसाठी अमिओडॅरोन, ठोक्यांचा वेग आवरणारे डिगॉक्सिन आणि रक्त पातळ करणारे असेनोकुमारॉल अशी तीन औषधे चालू आहेत. आता नाडी नियमित झाली आहे. रक्त पातळ करणारी गोळी बंद केली तर चालेल का? पालेभाज्या वर्ज्य करायच्या का? (शाहूपुरी)

उत्तर : बंद करू नये. वरचे कप्पे थरथरत असताना त्यांच्या कोपऱ्यात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. फिब्रिलेशनमध्ये हा धोका सुमारे पाचपट असतो. नाडी नियमित झाल्यावरही फिब्रिलेशन नकळत येऊन जाऊ शकते. म्हणून ही गोळी किती काळ द्यायची ते वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरते. आजची नाडी कशी आहे यावर नाही. आईंना संधिवाताच्या तापाने झडप अरुंद होण्याचा आजार असेल, तर तिची गरज आणखी पक्की आहे.

पत्रातली मला अधिक काळजीची वाटलेली गोष्ट म्हणजे तिन्ही औषधे एकत्र असणे. अमिओडॅरोन यकृतातील आणि मूत्रपिंडातील वाटा अडवते, त्यामुळे डिगॉक्सिनची रक्तातील पातळी जवळपास दुप्पट होऊ शकते आणि असेनोकुमारॉलचा परिणाम वाढतो. भूक मरणे, मळमळ, वस्तू पिवळसर दिसणे, नाडी फार मंदावणे ही डिगॉक्सिन जास्त झाल्याची लक्षणे आहेत. म्हातारपणाचा अशक्तपणा समजून ती सोडून देऊ नयेत. अमिओडॅरोन सुरू करताना बहुधा दोन्हींचे प्रमाण कमी करावे लागते, आणि आयएनआर ही रक्त किती पातळ झाले ते दाखवणारी तपासणी पहिले काही आठवडे वारंवार करावी लागते. आयएनआर साधारणपणे २ ते ३ च्या दरम्यान राखतात.

पालेभाज्या वर्ज्य करू नयेत. त्यांतील के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते हे खरे, पण गोळीचे प्रमाण रोजच्या जेवणावर बेतलेले असते. आठवड्यातून जेवढ्या वेळा मेथी-पालक होतो तेवढ्याच वेळा होऊ द्यावा. श्रावणात रोज आणि एरवी मुळीच नाही, असे करू नये.

अमिओडॅरोनविषयी आणखी एक. त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. त्याचा लहानसा भागच, म्हणजे दिवसाला सहा-सात मिलिग्रॅम, सुटा होतो. तरी तो प्रौढ माणसाच्या १५० मायक्रोग्रॅमच्या गरजेच्या चाळीसपट होतो. त्यामुळे थायरॉइड मंदावू शकते किंवा भडकू शकते. दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी करावी, कोरडा खोकला किंवा नवा दम लागला तर फुप्फुसे तपासावीत, उन्हात जाताना अंग झाकावे. हे औषध चरबीत साठून राहते आणि बंद केल्यावरही शरीरातून निघून जायला कित्येक आठवडे, काही वेळा महिने लागतात. म्हणून "महिन्यापूर्वीच बंद केले" असे असले तरी नव्या डॉक्टरांना ते सांगावेच. घशाच्या दुखण्यासाठी अॅझिथ्रोमायसिन किंवा मळमळीसाठी डोम्पेरिडोन दुकानातून परस्पर आणू नये. ही औषधेही पोटॅशियमची तीच दारे अडवतात. जुलाब होत असतील तर अंगातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होते आणि धोका वाढतो, तेव्हा त्या दिवसांत डॉक्टरांना आधी कळवावे.

प्रश्न : माझे वय २८ आहे. अचानक छातीत धडधड सुरू होऊन नाडी १९० झाली. रुग्णालयात एक इंजेक्शन दिले. काही क्षण आपण आता जातो असे वाटले आणि धडधड एकदम थांबली. ते काय होते? पुन्हा तसे झाले तर घरी काय करावे? (रंकाळा परिसर)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ते अॅडेनोसिन असावे. आपल्या आजारात लाटेची प्रदक्षिणा बहुधा एव्ही नोडमधून जात असते. अॅडेनोसिन तो नाका काही सेकंद पूर्ण बंद करते, प्रदक्षिणा तुटते आणि सायनस नोड पुन्हा ताबा घेतो. रक्तात त्याचे अर्धे प्रमाण दहा सेकंदांच्या आत नष्ट होते, म्हणून ते जोरात टोचून मागोमाग सलाइन सोडतात. त्या क्षणांत छाती आवळणे आणि जीव घाबरा होणे नेहमीचे आहे; इंजेक्शनपूर्वी रुग्णाला हे सांगून ठेवले तर ती भीती निम्मी होते, आणि ते सांगणे आम्हा डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

पुन्हा धडधड झाली तर अर्धवट बसून, तोंड मिटून पंधरा सेकंद जोराने कुंथावे, लगेच आडवे व्हावे आणि कोणाकडून तरी दोन्ही पाय पंधरा सेकंद वर धरून घ्यावेत. व्हेगस मज्जातंतू जागा होऊन बऱ्याच वेळा एवढ्यानेच धडधड थांबते. छातीत दुखले, अंधारी आली किंवा धडधड थांबली नाही, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. वारंवार त्रास होत असेल तर रक्तवाहिनीतून हृदयात नळी घालून प्रदक्षिणेची वाट जाळून टाकण्याचा अॅब्लेशन हा उपाय आपल्या वयात गोळ्यांपेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे.

आपल्याला दमा असेल किंवा दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असेल, तर इंजेक्शन टोचण्यापूर्वी ते सांगावे. दम्यात अॅडेनोसिनने श्वासनलिका आवळू शकते, आणि थिओफिलिन त्याचा परिणाम मारून टाकते; अशा वेळी डॉक्टर व्हेरापामिलसारखे दुसरे औषध निवडतात.